पायएन्व्हवरून यूव्हीवर आलो, तरी पायएन्व्ह काढलं नाहीये

ज्यांना एकाच लॅपटॉपवर पायथनची तीन-चार व्हर्जनं सांभाळावी लागतात त्यांच्यासाठी पायएन्व्ह आणि यूव्ही या, ती व्हर्जनं टाकायच्या आणि बदलायच्या, दोन टूल्सचा हा रिव्ह्यू आहे, ज्यांचं एकात भागतंय त्यांनी खुशाल पुढे जा, उगाच विकतचं दुखणं घेऊ नका. आमचं भागत नाही. एका क्लायंटचा सर्व्हर रेड हॅट ८ (लिनक्स) वर आहे, तिथं सिस्टिमसोबत ३.६ येतं आणि क्लायंटचं म्हणणं असं की चालतंय ना, मग हात लावायचा नाही. दुसरीकडे जँगो ५ (वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) वर नवीन काम सुरू आहे, त्याला ३.१० च्या खालचं चालतच नाही. आणि डेटावाल्या मंडळींचं काम ३.११ वर रुतून बसलंय, कारण त्यांच्या एका जुन्या लायब्ररीच्या सेटअप फाइलमध्ये डिस्टयूटिल्स (पॅकेज बांधायचं जुनं मॉड्यूल) आहे आणि ते ३.१२ मध्ये पायथनवाल्यांनी सरळ काढूनच टाकलं.

लेटेस्ट टाका आणि मोकळे व्हा, असं सांगणारे बरेच भेटतात. बाबांनो, ३.१० मध्ये कलेक्शन्समधून थेट मॅपिंग इम्पोर्ट करणं बंद झालं, ३.१२ मध्ये डिस्टयूटिल्स गेलं, ३.१३ मध्ये सीजीआयसारखी जुनी मॉड्यूल्स गेली, आणि दर ऑक्टोबरला नवीन व्हर्जन येतंच. प्रत्येकाला पाच वर्षं सपोर्ट, म्हणजे कधीही बघा, पाच व्हर्जनं अधिकृतपणे चालू असतात आणि त्याशिवाय क्लायंटकडे जी अनधिकृतपणे चालू असतात ती वेगळीच.

मुद्द्यावर येण्याआधी एक गोष्ट, कारण नवीन पोरं हमखास इथं फसतात. लिनक्सवर सिस्टिमसोबत जे पायथन येतं ते तुमचं नाही, ते सिस्टिमचं आहे. उबुंटू २२.०४ मध्ये ३.१० येतं, २४.०४ मध्ये ३.१२. आता २२.०४ वर कुठलातरी व्हिडिओ बघून अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज वापरून पायथन३ हे नाव ३.१२ कडे वळवलं की काय होतं माहितीये? टर्मिनलच्या आयकॉनवर क्लिक करा, गोल फिरतं, थांबतं, आणि काहीच उघडत नाही. एरर पण दिसत नाही. कारण ग्नोमचं (उबुंटूच्या डेस्कटॉपचं) टर्मिनल सुरू करणारी स्क्रिप्ट स्वतःच पायथनमध्ये आहे आणि तिला लागणारी मॉड्यूल्स ३.१० साठी बांधलेली आहेत. ॲप्ट (पॅकेज टाकायची कमांड) चालवायला जावं तर तेही एपीटी पीकेजी नावाचं मॉड्यूल सापडत नाही म्हणून रडतं. मग कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या स्क्रीनवर जायचं आणि लिंक परत ३.१० कडे फिरवायची. ऑफिसात नवीन कोणी आलं की मी आधी हे सांगतो, नंतर वायफायचा पासवर्ड.

डेबियन १२ पासून आणि उबुंटू २३.०४ पासून तर पिपने (पायथनची पॅकेजेस टाकायचं टूल) सिस्टिमच्या पायथनमध्ये काही टाकायला गेलं की ते आडवंच पडतं, हे वातावरण बाहेरून मॅनेज होतंय असं सांगतं. लोकं त्यावर ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस नावाचा ऑप्शन देऊन पुढे जातात. अरे त्या ऑप्शनच्या नावातच लिहिलंय ना काय होणार ते.

असो. तर पायएन्व्ह. मी हे बरीच वर्षं वापरतोय आणि माझं मत असं आहे की हे भारी टूल आहे पण ते काय करतं हे समजल्याशिवाय वापरलं तर डोक्याला शॉट आहे. मूळ कल्पना रुबीवाल्यांच्या आरबीएन्व्हवरून घेतलेली, सगळं बॅशच्या स्क्रिप्टमध्ये, स्वतः चालायला पायथन लागत नाही. तुमच्या होम फोल्डरमध्ये पायएन्व्हचं एक फोल्डर होतं, त्यात शिम्स नावाचं फोल्डर, आणि ते तुमच्या पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) सगळ्यात पुढे घुसवलं जातं. तुम्ही पायथन टाइप करता तेव्हा खरं पायथन चालतच नाही, त्या नावाची एक चिमुकली स्क्रिप्ट चालते, ती बघते की आत्ता कुठलं व्हर्जन पाहिजे आणि मग त्या खऱ्या पायथनला हाक मारते. कुठलं पाहिजे ते ठरवायचा क्रम असा: आधी पायएन्व्ह व्हर्जन नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, तो नसेल तर चालू फोल्डरमधली डॉट पायथन-व्हर्जन फाइल, तिथं नसेल तर वरचं फोल्डर, त्याच्या वरचं, असं वर वर जात राहतं, आणि कुठंच नसेल तर ग्लोबल, म्हणजे सगळीकडे लागू म्हणून ठरवलेलं.

ते वर वर जाणं लक्षात ठेवा. होम फोल्डरमध्ये कधीकाळी कुणी पायएन्व्ह लोकल (त्या फोल्डरचं व्हर्जन ठरवायची कमांड) मारलं असेल तर ती फाइल तिथं पडून राहते आणि खालच्या ज्या ज्या प्रोजेक्टमध्ये स्वतःची फाइल नाही त्या सगळ्यांवर तिचं राज्य चालतं, आणि माणूस ग्लोबल बदलून बदलून दमतो तरी व्हर्जन काही हलत नाही. अशा वेळी नुसतं 'पायएन्व्ह व्हर्जन' टाइप करायचं, शेवटी एस नाही, ते कंसात सांगतं की हे व्हर्जन कुठल्या फाइलमुळे सेट झालंय. निम्मे प्रश्न या एका कमांडने सुटतात. 'व्हिच पायथन' करून काही उपयोग नाही, ते बिचारं कायम शिमचाच पत्ता दाखवणार. 'पायएन्व्ह व्हिच पायथन' करायचं.

आता पायएन्व्हचं खरं दुखणं. हे व्हर्जन डाउनलोड करून ठेवत नाही, सोर्स आणतं आणि तुमच्या मशीनवर कंपाइल करतं. म्हणजे घरी गहू आणून स्वतः दळायचे. चांगल्या मशीनवर काही मिनिटं, कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या आय-थ्री वर चहा पिऊन या, वडापाव खाऊन या, तरी चालूच. आणि कंपाइल करायचं म्हणजे आधी सामान पाहिजे: बिल्ड-इसेन्शियल, ओपनएसएसएल, झेडलिब, बीझेड२, रीडलाइन, एस्क्युलाइट, एफएफआय, एलझेडएमए, टीके, आणि प्रत्येकाचं डेव्ह वालं पॅकेज, साधं नाही. ओपनएसएसएल नसेल तर निदान इन्स्टॉल तिथंच फेल होतं, प्रश्न मिटला. पण एलझेडएमए (कॉम्प्रेशनची लायब्ररी) नसेल तर? इन्स्टॉल व्यवस्थित पूर्ण होतं. मध्ये कुठंतरी एक वॉर्निंग येऊन जाते की एलझेडएमए एक्स्टेन्शन कंपाइल झालं नाही, लायब्ररी नाहीये का, आणि शेवटी इन्स्टॉल झाल्याचा मेसेज येतो, सगळे खूश. पुढे कधीतरी कोणी पांडाज (डेटाची लायब्ररी) इम्पोर्ट करतं आणि ते म्हणतं तुमचं पायथन अपूर्ण आहे. तोपर्यंत त्या पायथनवर दोन-तीन प्रोजेक्ट उभे राहिलेले असतात. मग पॅकेज टाका आणि पायथन परत कंपाइल करा, नुसतं पॅकेज टाकून होत नाही हे पण लोकांना पटत नाही, पायथन आधीच बांधून झालंय राव, आता बाहेर लायब्ररी आणून ठेवली म्हणून ते मॉड्यूल आपोआप कसं उगवेल.

सीटाइप्सचं (सी मधल्या लायब्ररी वापरायचं मॉड्यूल) पण तसंच, एफएफआय नसेल तर ते बनत नाही आणि मग एरर कुठल्यातरी भलत्याच लायब्ररीच्या नावाने येते.

अजून एक, जे कोणी सांगत नाही. पायएन्व्ह बाय डिफॉल्ट ऑप्टिमायझेशन लावून बांधत नाही. तुम्ही कॉन्फिगरच्या ऑप्शनमध्ये एनेबल-ऑप्टिमायझेशन्स दिलं नाही तर तुमचं पायथन सिस्टिमच्या पायथनपेक्षा हळू असतं, आणि दिलं तर कंपाइल व्हायला आणखी बराच वेळ जातो कारण ते मध्ये स्वतःच्या टेस्ट चालवून बघतं की कुठला कोड जास्त चालतो. आणि नवीन व्हर्जन आलं तरी पायएन्व्ह स्वतः अपडेट केल्याशिवाय त्याला ते माहीतच नसतं, असलं व्हर्जन नाही म्हणून सांगतं.

एवढं ऐकून वाटेल की टाकाऊ आहे. नाही. पण आधी यूव्हीचं सांगतो.

यूव्ही ॲस्ट्रल नावाच्या कंपनीचं, रफ (कोडमधल्या चुका दाखवणारं टूल) वाले तेच, रस्टमध्ये लिहिलेलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं तेव्हा नुसतं पिपच्या जागी वापरायचं फास्ट टूल होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी पायथनची व्हर्जनं इन्स्टॉल करायची सोय घातली आणि खरा खेळ तिथं पालटला. 'यूव्ही पायथन इन्स्टॉल ३.१२' मारायचं, वीस-तीस एमबीची फाइल खाली येते, उघडली जाते, संपलं. कंपाइल नाही, डेव्ह पॅकेजची यादी नाही, सुडो नाही. ज्यांना ऑफिसच्या मशीनवर ॲडमिनचा पासवर्ड मिळत नाही आणि प्रत्येक पॅकेजसाठी आयटीवाल्यांना तिकीट टाकून दोन दिवस बसावं लागतं, त्यांना या सुडो नसण्याची किंमत विचारा.

ही तयार पायथनं येतात कुठून, तर पायथन-बिल्ड-स्टँडअलोन म्हणून एक प्रोजेक्ट आहे, ग्रेगरी झॉर्क यांनी सुरू केलेला, डिसेंबर २०२४ मध्ये तो ॲस्ट्रलकडे आला. त्यांनी ओपनएसएसएल, एस्क्युलाइट, एलझेडएमए वगैरे सगळं आतच बांधून दिलंय, त्यामुळे वर लिहिलेलं अपूर्ण पायथनचं प्रकरण इथं होतच नाही, आणि ऑप्टिमायझेशन लावूनच बांधलेलं असतं. तोटा असा की ओपनएसएसएलमध्ये भोक सापडलं तर ॲप्टने अपडेट मारून उपयोग नाही, आतलं जुनंच राहतं, नवीन बिल्ड उतरवून घ्यावं लागतं. सर्व्हरवर वापरणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवा.

रोजच्या वापरात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे व्हर्जन आधी इन्स्टॉल करायची पण गरज नाही. 'यूव्ही व्हेन्व्ह' ला (ही एन्व्हायर्नमेंट, म्हणजे एका प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन आणि पॅकेजेस, बनवायची कमांड) पायथन ३.११ पाहिजे म्हणून सांगा, मशीनवर नसेल तर ते स्वतः आणतं. आणि स्क्रिप्टचं तर अजून भारी आहे: एका सुट्या पायथन फाइलच्या डोक्यावर कॉमेंटमध्ये लिहून ठेवायचं की मला ३.१२ किंवा वरचं पायथन लागतं आणि अमुक अमुक पॅकेज लागतात, मग 'यूव्ही रन' आणि फाइलचं नाव, बास, ज्याच्या मशीनवर यूव्ही आहे त्याच्याकडे ती फाइल चालते. हा फॉरमॅट यूव्हीचा खासगी नाही, पायथनच्या अधिकृत प्रस्तावातला आहे, ७२३ नंबरचा. आमच्याकडे रिपोर्ट काढायच्या छोट्या स्क्रिप्ट्स अकाउंट्सच्या मॅडमना द्यायच्या असतात, पूर्वी सोबत पानभर सूचना जायच्या, आता एक ओळ जाते.

जागेचं पण बघा. प्रत्येक व्हर्जनसाठी वेगळं एन्व्हायर्नमेंट म्हणजे तीच पॅकेजेस परत परत. यूव्ही सगळं एकाच कॅशमध्ये ठेवतं आणि लिनक्सवर एन्व्हायर्नमेंटमध्ये हार्डलिंक टाकतं, त्यामुळे तेच पॅकेज पाच ठिकाणी असलं तरी डिस्कवर एकदाच. टॉर्च लायब्ररीसारखी जीबी-जीबीची धेंडं वापरणाऱ्यांना २५६ जीबीच्या एसएसडीवर फरक लगेच कळेल. फक्त कॅश आणि प्रोजेक्ट एकाच पार्टिशनवर पाहिजे, नाहीतर नुसती वॉर्निंग येते आणि कॉपीच होते.

आता यूव्हीची खुसपटं. पहिलं, इन्स्टॉल करून झालं की लोकं टर्मिनलमध्ये नुसतं पायथन टाइप करतात आणि म्हणतात काहीच झालं नाही. बरोबर आहे, ते तुमचं नुसतं पायथन बदलतच नाही. पायथन३.१२ असं आकड्यासकट नाव मिळतं, किंवा यूव्ही रन वापरा, किंवा एन्व्हायर्नमेंट चालू करा. मला हे आवडतं, पण पायएन्व्हची सवय असलेल्याला पहिले काही दिवस चुकल्या-चुकल्यासारखं होतं. दुसरं, प्रोजेक्टमध्ये उभं राहून 'यूव्ही रन' ला वेगळं पायथन दिलं, समजा ३.९ वर टेस्ट चालतात का बघायचंय, तर ते तुमचं चालू डॉट व्हेन्व्ह (प्रोजेक्टच्या एन्व्हायर्नमेंटचं फोल्डर) उडवून ३.९ चं नवीन बनवतं. हे काही गुपचूप होत नाही, मेसेज येतो, पण मेसेज वाचतो कोण. टेस्टसाठी आयसोलेटेड ऑप्शन लावायचा म्हणजे ते बाजूला तात्पुरतं एन्व्हायर्नमेंट बनवतं आणि तुमच्या मूळच्याला हात लावत नाही. बॅशमध्ये ३.९ ते ३.१३ असा लूप लावून पायटेस्ट (टेस्ट चालवायचं टूल) सोडून द्या, ज्या कामासाठी पूर्वी टॉक्सची कॉन्फिग लिहीत बसायचो ते एका ओळीत होतं. हेच सीआयच्या (कोड आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरच्या) यॅमल सेटिंग फाइलमध्ये लिहिताना ३.१० ला अवतरणचिन्हं लावा, नाहीतर यॅमल त्याला आकडा समजून ३.१ करून टाकतं आणि सीआय ३.१ शोधत बसतं.

तिसरं खुसपट ऑफिस नेटवर्कवाल्यांसाठी. पायथनच्या फाइल्स गिटहबच्या रिलीजमधून येतात. ऑफिसच्या प्रॉक्सीने गिटहब अडवलं असेल किंवा मध्ये स्वतःचं सर्टिफिकेट घुसवलं असेल तर डाउनलोड होत नाही. सिस्टिमची सर्टिफिकेटं वापर असं सांगायचा ऑप्शन आहे, आणि आतल्या सर्व्हरवर मिरर ठेवून त्याचा पत्ता पण देता येतो, पण हे सगळं शोधून काढायला एक दुपार जाते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी आपोआप डाउनलोड बंद करून ठेवावं, तसं सेटिंग आहे.

आणि चौथं, ज्यामुळे पायएन्व्ह अजून माझ्या मशीनवर आहे. यूव्हीची तयार पायथनं ज्या व्हर्जनची बांधलेली आहेत तेवढीच मिळतात, ३.८ पासून वर धरून चाला. पायथन २.७ मिळणार नाही, आणि हो, १ जानेवारी २०२० ला सपोर्ट संपून सुद्धा २.७ वाले क्लायंट अजून आहेत, हसू नका. शिवाय अमुक पॅच व्हर्जनच पाहिजे, किंवा आपल्याच ओपनएसएसएलवर बांधलेलं पाहिजे, असल्या गोष्टी आल्या की पायएन्व्हला पर्याय नाही, कारण ते सोर्समधूनच बांधतं. त्यातही सुख नाही म्हणा, उबुंटू २२.०४ पासून ओपनएसएसएल ३ आलं आणि ३.६ सारख्या म्हाताऱ्याला ते पचत नाही, मग १.१.१ वेगळं बांधून त्याचा रस्ता दाखवावा लागतो. त्या रेड हॅटवाल्या कामासाठी आम्ही शेवटी लॅपटॉपवर ३.६ बांधायचा नादच सोडला आणि सरळ कंटेनर वापरतो, सर्व्हरवर जे आहे तेच कंटेनरमध्ये, वाद नको.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. उबुंटूवर डेडस्नेक्सचं पीपीए (उबुंटूसाठी बाहेरची पॅकेजेस देणारा साठा) चांगलं आहे, पायथन३.११ वगैरे आकड्याच्या नावाने शेजारी बसतं, सिस्टिमच्या वाटेला जात नाही, फक्त व्हेन्व्हचं पॅकेज वेगळं टाकायला विसरू नका आणि एलटीएस (जास्त वर्षं सपोर्ट असलेलं) सोडून दुसरं उबुंटू असेल तर नाद करू नका. मॅकवर होमब्रूचं (पॅकेज टाकायच्या टूलचं) पायथन हे होमब्रूच्या स्वतःच्या सोयीसाठी आहे, ते अपग्रेड झालं की त्यावर बांधलेली एन्व्हायर्नमेंट्स कधी मोडतील सांगता येत नाही. कोंडा (ॲनाकोंडाचं पॅकेज टूल) डेटावाल्यांना सोडवत नाही ते मला कळतं, जीडॅल (नकाशाच्या डेटाची) सारखी सी++ मधली अवजड लायब्ररी तिथं सुखाने बसते, पण ॲनाकोंडाच्या अटी वाचा, २०० किंवा जास्त माणसांच्या कंपनीला त्यांची डिफॉल्ट चॅनेल फुकट नाहीत. मिनीफोर्ज टाका, ते कोंडा-फोर्जवरून घेतं. आणि ज्यांच्याकडे नोड, रुबी, जावा सगळ्यांचीच व्हर्जनं सांभाळायची आहेत त्यांनी एएसडीएफ किंवा मिझ बघा, मला फक्त पायथनचीच भानगड आहे म्हणून मी त्यात शिरलो नाही.

विंडोजवाल्यांनो, तुमच्यासाठी पाय नावाचा लाँचर पायथन ३.३ पासून आहे आणि निम्म्या लोकांना माहीत नाही. पायथन डॉट ऑर्ग वरून जी काय व्हर्जनं हवीत ती टाका आणि 'पाय डॅश ३.११' म्हणा, ३.११ चालतं, 'पाय डॅश शून्य' म्हणा, काय काय आहे त्याची यादी येते. पाथमध्ये खाडाखोड करायची काही गरज नाही. पायथन टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडत असेल तर सेटिंगमध्ये ॲप एक्झिक्युशन एलियास शोधा आणि तिथली पायथनची दोन्ही बटणं बंद करा. पायएन्व्ह मूळचं विंडोजवर चालत नाही, पायएन्व्ह-विन हा वेगळ्या लोकांचा वेगळा प्रोजेक्ट आहे. यूव्ही मात्र विंडोजवर पण तसंच चालतं.

मार्कच द्यायचे तर यूव्हीला पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो त्या डॉट व्हेन्व्ह उडवण्यापायी. पायएन्व्हला साडेतीन, आणि त्यातला एक 'पायएन्व्ह व्हर्जन' च्या कंसासाठी. यूव्हीच्या मागे कंपनी आहे, उद्या त्यांनी काही वेडंवाकडं केलं तर काय असा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो, तर लायसन्स एमआयटी आणि अपाची आहे, कोड उघडा आहे, आणि एन्व्हायर्नमेंट्स साधी पायथनचीच आहेत, सोडून जायचं झालं तर अडकायला होत नाही.

दोन्ही एकत्र ठेवणार असाल तर एक बघा. दोघंही तीच डॉट पायथन-व्हर्जन फाइल वाचतात. यूव्हीने पिन करून त्यात ३.१३ लिहिलं आणि पायएन्व्हकडे ३.१३ नसेल, तर त्या फोल्डरमध्ये नुसतं पायथन टाइप केलं की पायएन्व्ह ओरडतं, हे व्हर्जन इन्स्टॉल नाही, आणि समोरचा समजतो यूव्ही बिघडलं. यूव्हीला काही झालेलं नसतं. मी पायएन्व्हची शेलमधली ओळ बॅश-आरसीमधून (टर्मिनलच्या सेटिंग फाइलमधून) काढून टाकलीये आणि २.७ चं काम निघालं की त्या पायथनचा पूर्ण पाथ देऊन चालवतो, तेव्हापासून दोघांचं एकमेकांशी काही वाजलेलं नाही.